फक्त बघायची परवानगी

माझ्या साडूनं मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कौतुक वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. आणि कौतुक तर करणारच, कारण पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत इतकं कमी मागून इतकं जास्त मिळवणारा दुसरा माणूस नाही. डोक्यावर टोपली घेऊन संत्री विकता विकता मी पॅकिंगच्या शेडचा मालक झालो. घासाघीस कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवू नये.

हा साडू नदीपलीकडच्या सावरगावचा. काम कॉम्प्युटरचं, पण खरी सवय परवानगी मागण्याची. आमच्या माठातलं पाणीसुद्धा विचारून घेणार. एकदा माझ्या बायकोनं चादर काढून घ्या म्हणून कपाटाची किल्ली दिली, तर विंचू धरावा तशी किल्ली धरून परत आला. "ताई, मले चादर पाहिजे, कपाट नाही. तुम्हीच काढून द्या ना." जामसांवलीला गेलो तेव्हा मी मारुतीकडे शेड, गाडी, पोराची नोकरी, सगळं मागून घेतलं. यानं काय मागितलं? म्हणे, "आजच्यापुरतं लागते तेवढंच."

अशा माणसाच्या हातात माझं बाजारातलं नाव सापडलं. माझा माल पॅक होतो पांढुर्ण्यात, त्याची नोंद माझ्या शेडच्या कॉम्प्युटरवर. ठेवला जातो सौंसरच्या शीतगृहात. ते दुसऱ्याचं, तिथली नोंद त्याच्या कॉम्प्युटरवर. एका दूरच्या व्यापाऱ्यानं माझा अख्खा माल परत धाडायची भाषा केली. ही संत्री मागच्या बहाराची, शिळी, आणि शीतगृहाचाच कागद तसं सांगतो म्हणे! शिळ्या मालाचा डाग आमच्या धंद्यात पुसला जात नाही. खरं काय ते अर्धं इथं, अर्धं तिथं.

मी सौंसरला जाऊन टेबलावर हात आपटला. "सगळा कॉम्प्युटर उघडून द्या, नाही तर उद्यापासून माल दुसरीकडे!"

"न्या ना मंग," शीतगृहाचा मालक म्हणाला. "बाकी गिऱ्हाइकांचा माल तुम्हाले काहून दाखवू?"

मागून साडू आला, आधी चहा प्याला. "भाऊ, सगळं नको जी. यांच्या क्रेटचे नंबर अन् आतबाहेरच्या तारखा, एवढंच दिसू द्या. फक्त पाहीन, हात लावणार नाही."

मिळालं! बाहेर येताच मी ओरडलो, "अबे, तो देऊन राहिला होता तं अजून मागाचं ना!"

"साडभाऊ, अजून मागतलं असतं तं हेही गेलं असतं."

मग दोन्हीकडचं लागेल तेवढंच उचलून त्यानं तिसऱ्याच ठिकाणी मांडलं. "गोटमारीत दोन काठांचे लोक एकमेकांले गोटे मारतात, तं झाड कसं जाम नदीच्या मधात गाडतात? ना या काठाचं, ना त्या काठाचं. तसं. फक्त इथं गोटे नाही मारायचे," असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. नंबराला नंबर जुळवला, तर माझं एकेक क्रेट शीतगृहात दोन-दोनदा शिरलेलं! मी घामाघूम झालो, हा हसायला लागला. क्रेट प्लास्टिकचे, वर्षानुवर्षं तेच. नंबर क्रेटवर असतो, संत्र्यावर नाही. दिवाळीच्या सुमारास उतरणाऱ्या आंबिया बहाराचा माल नेलेलं क्रेट पुढं उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराचाही माल नेतं, त्याच नंबरानं. शीतगृहानं माझ्या ताज्या मृगाला जुन्या आंबियाची तारीख चिकटवली होती. साडूनं नंबरासोबत बहारही जुळवला आणि एकेक क्रेट आपापल्या जागी बसलं. व्यापाऱ्यानं माल ठेवून घेतला, वर माफीही मागितली. मी बाजारभर सांगत फिरलो, "साडू आहे माझा!"

आता फसवणूक ऐका. भोपाळच्या नोकरीवर जाताना त्यानं ही जुळवणी रोज आपोआप होईल अशी लावून दिली. एक दिवस एक नोंद मला पटली नाही, बदलायला गेलो, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर उत्तर: परवानगी नाही. लगेच फोन लावला. "माझ्याच शेडात मलेच परवानगी नाही?"

"साडभाऊ, रागात तुम्ही सौंसरच मिटवून टाकान. पाहाची परवानगी आहे ना? पाहा. बदलाचं असलं तं मले बोलवा."

बोलावून राहिलो आहे. येत नाही. रोज सकाळी पडदा उघडतो. पांढुर्णा आणि सौंसर शेजारी शेजारी गुमान बसलेले असतात. माठातलं पाणी आता सगळे न विचारता पितात. आंबिया उतरायला आलाय. मालकाला बघ्या करून ठेवलं, याचा जाब कोण देणार? त्यानंच द्यावा. फोनवर नाही, इथं येऊन, माझ्या शेडात, माझ्यासमोर बसून.