माझ्या प्रोजेक्टपायी मावशीचं काम गेलं

मित्रमैत्रिणींनो, आज माझं कशातच लक्ष लागत नाही. मी यवतमाळला एचआरमध्ये एमबीए करतेय. आज प्रोजेक्टसाठी आर्णीजवळच्या आमच्या गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये गेले होते. विषय होता कामगारांच्या तक्रारी.

मुकादम बाजूलाच खुर्ची टाकून बसला. सगळ्या बाया म्हणाल्या, "काई तरास नाई बाप्पा." मला तिथंच समजायला हवं होतं. पण मला उत्तरं पाहिजे होती ना! आमच्या घरामागं राहणारी कांतामावशीही तिथंच कामाला, म्हणून तिलाच धरलं. "मावशी, तू तरी खरं सांग नं."

तिनं मला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय. माझा शब्द खाली पडू नये म्हणून ती बोलली, "इथं संडास नाई. बायाइनं दिवसभर पाणीच नाई प्यावं का?"

संध्याकाळी मावशी आमच्या दारात आली. मुकादमानं तिला सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको.

मी घाबरून प्रोजेक्टच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "छान केस मिळाली की! सविस्तर लिही."

मावशी रागावलीही नाही. "तुले मार्क तं भेटतीन नं?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "सायेबीण झाली का मले कामावर घेजो."

तिला काय सांगू? मला नोकरी लागलीच, तर 'उद्यापासून येऊ नको' हेच गोड भाषेत सांगायला ठेवतील. तुमच्यापैकी कोणी हे काम करत असेल तर खरं सांगा, घरी आल्यावर घास उतरतो का?