लांबून तपासलेला कुत्रा

गयाबाईवर अन्याय झाला. १९८३ साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात झाला. गावाचं नाव लिहीत नाही. सोनपेठच्या एसटीत बसा, खिडकीतून दिसेल ते गाव धरा.

गयाबाई बौद्धवाड्याच्या टोकाला एकटी राहायची. नामांतराच्या दंगलीत घर जळालं, त्या धक्क्यानं नवरा गेला. राहिला मोत्या, तिचा कुत्रा. तो दारात पडलेला असला तरच तिला झोप लागायची.

मोत्याच्या पोटावर, मांडीत फोड आले. केस गोल गोल गळायला लागले. सुतळी बांधून तिनं त्याला आमच्या दवाखान्यात आणलं. मी तिथं नवा डॉक्टर, सुट्टीच्या दिवशी जातिभेदाविरुद्ध पत्रकं वाटणारा. त्या दिवशी शेजारच्या गावी लस टोचायला गेलो होतो. खुर्चीत मोठे डॉक्टर होते.

आमच्या दवाखान्याचा एक रिवाज होता. बौद्धवाड्यातलं जनावर कंपाउंडच्या आत यायचं नाही. फाटकाबाहेर लिंबाखाली उभं करायचं, डॉक्टरांनी व्हरांड्यातून बघायचं. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण शिपायापासून सगळ्यांना पाठ. मोठ्या डॉक्टरांनी खुर्चीतूनच सांगितलं, खरूज आहे, गॅमॅक्सीन पावडर करडीच्या तेलात कालव आणि अंगभर चोळ.

आता हे समजून घ्या. खरूज बारीक किड्यांनी होते. कातडी ब्लेडनं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. बॅक्टेरियानं कातडी पिकते तेव्हा पुवाचे फोड येतात, फुटले की गोल खपली राहते. बोटानं दाबलं की पू येतो. केस कापायचे, जखम पोटॅशच्या जांभळ्या पाण्यानं धुवायची, काही आठवडे अँटिबायोटिक द्यायचं. बहुतेक कुत्री बरी होतात. लांबून दोन्ही रोग सारखेच दिसतात. हात लावावाच लागतो. आणि गॅमॅक्सीन म्हणजे पिकावरच्या किडीचं विष. उघड्या जखमेतून ते सरळ रक्तात जातं.

पोळ्याच्या सकाळी मोत्या थरथरायला लागला. तोंडाला फेस आला, झटके आले. कुणीतरी म्हणालं, पिसाळलं. बैल सजवणारी पोरं काठ्या घेऊन आली. गयाबाई सांगत राहिली की औषध लावलंय, पिसाळलेला नाही. तिला बाजूला ओढलं आणि त्याला मारलं.

मी पोचलो तेव्हा तो गोधडीच्या तुकड्याखाली होता. मी त्याची मांडी उचलली, एक फोड दाबला. पू आला. गयाबाई माझ्या बोटांकडं बघत होती.

"हेच त्यायनी केलं असतं तर कळलं असतं का, बाळा?"

"कळलं असतं, मावशी."

तिनं आपले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मीच चोळलं रं. लय वरडला. मी म्हनलं, सोस जरा, बरं व्हायलाय."

मी मोत्यावर गोधडी परत सारली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, हात का नाही लावला?

"गावठी कुत्र्याला काय हात लावायचा?"

"पाटलांच्या अल्सेशियनला तर टेबलावर घेता."

"हे बघ, त्या वस्तीतलं जनावर आत आलं की उद्या पाटलांची बैलं यायची नाहीत. दवाखाना चालवायचा की तुझी पत्रकं वाटायची?"

मी तक्रार केली. चौकशी झाली. निष्कर्ष निघाला, कुत्रा पिसाळलेला होता. पिसाळणं मेंदू तपासून ठरतं, तो कुणी तपासला नाही; तेही लांबूनच ठरलं. मोठे डॉक्टर खुर्चीत राहिले, माझी बदली झाली. गयाबाई आता रात्री दाराला आतून पाटा लावून बसते. आमच्या धंद्यात चुकीच्या औषधाला माफी आहे. न तपासता दिलेल्या औषधाला नसावी.

वाचणाऱ्या, उद्या तू तुझा बैल, तुझी म्हैस घेऊन दवाखान्यात जाशील. तुझं काम झालं की लगेच निघू नकोस. फाटकाबाहेर कोण उभं आहे ते बघ. त्याचं जनावर आत बोलाव. डॉक्टर हात लावत नसेल तर चार माणसांत मोठ्यानं विचार, का लावत नाही? आणि तो लावेपर्यंत तिथून हलू नकोस.