ईराचं मनगट

एसटी स्टँडवर समोरच्या बाकावर एक लहान मुलगी वडिलांचं बोट धरून बसली होती. अगदी सैल, धरलंय हेही विसरून. मी बघतच राहिले. माझ्या ईराला मी बोट देत नाही, तिचं मनगट पकडते. ईरा नऊ वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे, आणि फिरणारं चाक दिसलं की तिला दुसरं काही दिसत नाही. मागे एकदा माझी नजर चुकवून ती रिव्हर्स येणाऱ्या बसच्या चाकापाशी उकिडवी बसली होती, चाकाकडे बघून हसत. तेव्हापासून माझी पकड सैल होत नाही.

आमची बस फलाटाला लागायला लागली. ईराने हिसका दिला, मी आणखी आवळलं, ती किंचाळली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, हळू की जरा! लेकरू आहे ते, चोर नव्हे."

त्यांना सगळं सांगता आलं असतं. पण ईराच्या मनगटावर माझी बोटं लालभडक उमटली होती. ती बघून मान वर करवेना. जपता जपता हात किती राठ होत जातो, ते हाताला कळतच नाही.

बसमध्ये ती शांत झाली. मी पदराने डोळे पुसत होते. खिडकीबाहेर बघता बघताच तिने हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट.

मायेने धरायचं ते असंच, हे तिला माझ्याशिवाय कोण शिकवणार?