दोष हॉलचाच

आमच्या मूल गावातल्या घराचा हॉल ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हौसेनं बांधला. खाली चकचकीत टाइल्स, वर पीओपी, रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच. पडदा लावू दिला नाही, काच झाकून जाते म्हणे. झाडायला-पुसायला मी आहेच. कोळसा खाणीत ड्रिल मशीनवर जन्म घालवून माणूस रिटायर झाला, त्याची हौस कोण मोडणार? मग होम थिएटर आलं. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात तो धडधडणारा डबा. पिक्चर लावला की मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या, आणि हे मला विचारायचे, "काय म्हणला तो?"

मी सांगायची. तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असायचं, मग तेही सांगायचं. तिकडे भाजी करपायची. असं रोज, वर्षभर. घसा दुखायचा, आणि कुणी पाहुणा आला तर त्याच्याशी बोलायचासुद्धा कंटाळा यायचा.

एकदा ह्यांच्या कानांचं बोलून पाहिलं होतं. कितीतरी दिवस अबोला धरला ह्यांनी. तेव्हापासून दोष हॉलचा, हे घरात ठरून गेलं, आणि खरं सांगते, मलाही ते बरंच वाटलं. हॉलचा दोष होताही. टाळी वाजवली की टण्ण करून आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरायचा. हॉल दुरुस्त करता येतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चंद्रपूरहून मेकॅनिक बोलावला. त्याने सोफ्यावर, ह्यांचं डोकं येतं त्या जागी, छोटा माइक उभा केला. पंखा बंद, कुणी बोलायचं नाही. एकेका स्पीकरमधून आळीपाळीने सूंऽऽ असा आवाज निघाला. कोणता स्पीकर किती दूर आहे, खोली कोणता आवाज फुगवते आणि कोणता गिळते, हे मशीन त्यावरून ओळखतं आणि मग आवाज तसा कापूनछाटून देतं, असं त्याने समजावलं. त्या दिवसांत आमचा धान नुकताच निघाला होता. कोठीचं छप्पर गळत होतं म्हणून सगळी पोती हॉलमध्येच, मागच्या भिंतीला वरपर्यंत रचलेली. मेकॅनिक गेल्यावर हे एक जुना पिक्चर लावून बसले. आता कसं बरोबर समजून राह्यलं, म्हणाले, आणि खुशीत दुसरा चहा मागितला. मी देवाला हात जोडले.

धान मिलमध्ये गेला आणि हॉल पुन्हा टणटणायला लागला. म्हणजे मापं पोत्यांसकट घेतलेली! फोन केला तर मेकॅनिक हसतच सुटला. पोती आवाज पिऊन घेत होती, म्हणाला. मशीन स्पीकरमधून निघणारा आवाज सुधारतं, पण टाइल्सवर आपटून परत आलेल्या आवाजाला ते काही करू शकत नाही. ह्यांना तर तोडगाच सापडला. मिलमधून कोंड्याची पोती भरून आणू आणि बाराही महिने तिथेच ठेवू, म्हणाले. मी म्हटलं, आणा, उंदरांनाही पिक्चर दाखवू.

शेवटी ओढाताण मीच केली. काचेला जाड पडदे, खाली सतरंजी, जुन्या गोधड्या लाकडी चौकटीत ताणून मागच्या भिंतीवर. कंबर धरली. घर आहे की गादीवाल्याचं दुकान, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं तेही ऐकून घेतलं. मेकॅनिक पुन्हा आला. त्याने नवी मापं घेतली, मधला स्पीकर कानाच्या उंचीला आणला, आणि बाकीच्या गोंगाटातून माणसांचं बोलणं तेवढं वर काढलं. मग टाळी वाजवली. आवाज जागच्या जागी विरला.

त्याने एक नवीन पिक्चर लावला, आम्ही दोघांनीही न पाहिलेला. त्यात एक बाई चुलीपाशी हळूच काही पुटपुटते, तिचा श्वाससुद्धा मला ऐकू आला. पुढे एक गमतीचं वाक्य आलं. मेकॅनिक हसला, मी हसले. ह्यांनी आधी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि मग हसले.

पोती होती तेव्हा लावलेला तो जुना पिक्चर ह्यांना पाठ होता, हे मला आत्ता उमगलं. मेकॅनिक वायरी गुंडाळत होता, त्याच्या काही लक्षात आलं नाही. ह्यांनी रिमोट दाबून पिक्चर थांबवला आणि त्याला विचारलं, "आता हॉलमंधी काई दोष उरला का?"

"नाई भाऊ. याच्यापेक्षा साफ आवाज मूलमंधी कोणाच्याच घरी नाई भेटणार," तो खुशीत म्हणाला.

तो गेल्यावर मी चहाचे कप उचलायला वाकले, तेव्हा हे माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "उद्या चंद्रपूरले जाऊ. कान दाखवाले."

मी कानांचं बोलले होते, तेव्हा मला हेच ऐकायचं होतं. सुटले, असं वाटायला हवं होतं. पण तेव्हा मला एवढंच वाटलं, की ह्यांनी उठावं, भिंतींकडे बोट दाखवावं आणि त्या हॉलला अजून एकदा पोटभर शिव्या घालाव्यात.