राबाची माती

पोलादपूरच्या शाळेत मी मास्तर होतो. माझ्या वर्गातल्या माशांच्या काचपेटीत वाळूखाली मी राबाची माती घातली. भाताच्या रोपांसाठी शेण-पाला जाळून आम्ही करतो, ती काळी माती. पाणवनस्पती तरारल्या. शेजारच्या वर्गाचे मास्तर माझे जिवलग मित्र; त्यांच्याही वर्गात अशीच पेटी. ते म्हणाले, "अहो, मासे मरतील! फेका ती घाण." मी गाढव, ऐकलं. शाळेमागे नेऊन टाकली.

महिन्याभरात माझी पेटी पिवळी पडली, त्यांची हिरवीगार झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांना विचारलं, "खाली काय घातलंत?"

"नुसती वाळू."

मी तिथंच त्यांच्या पेटीतलं एक रोप उपटलं. मुळांना काळा चिखल आणि जळकी काटकी लोंबत होती.

"दुसऱ्याची पेटी कशाला नासता?" साहेब माझ्यावरच खेकसले. मित्रानं खेदानं मान हलवली.