कातळावरची बैलजोडी

माझी लेक पुरातत्त्व शिकायला स्वीडनला निघाली, त्या दिवशी माझे सासरे, म्हणजे तिचे आबा, निरोपाला घरी थांबले नाहीत. "दगडं पाहाले इतक्या दूर काऊन जाते? देऊळघाटच्या बरडावर दगडं कमी हायेत का?" एवढं बोलून ते भल्या सकाळी शेतात निघून गेले. नात लाडकी, म्हणून रागही तेवढाच. नंतर तिचा फोन आला, की ते ओसरीवरून उठून गोठ्यात जाऊन बसत. गोठा रिकामाच होता. ट्रॅक्टर घेतल्यावर आम्ही बैलजोडी विकली होती.

या उन्हाळ्यात तिला तिथल्या एका संग्रहालयात काम मिळालं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कातळावर कोरलेली चित्रं पाहुण्यांना समजावून सांगायची. एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. "आई, आज आबाले दाखवायचंच आहे."

मी गोठ्यात जाऊन फोन त्यांच्यासमोर धरला. करडा कातळ, त्यावर लाल रेघांचा माणूस आणि त्याच्यापुढे दोन बैल.

आबा उठले नाहीत. म्हणाले, "शेंदूर लावला का वं?"

"शेंदूर नाही आबा. कोरलेलं नीट दिसावं म्हणून रंग भरतात."

त्यांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "एका हाती नांगर, दुसऱ्या हाती बैल हाकाले फोक. या दोन रेघा म्हणजे नांगराचे तास; दोन मारून झाले, आता तिसऱ्याले हात घातला यानं."

लेक म्हणाली, "तासांचं आमचे सरही असंच सांगतात. पण हातातली फांदी पूजेची असावी म्हणतात."

"असन. आपण नाही का करत पेरणीआधी तिफणीची पूजा? माणसंच हायेत तेही." मग ते हळूच म्हणाले, "जोडी चांगली हाय, बाई. तू गेली तवा मी थांबलो नाही. चुकलं माह्यं."

मी बाहेर येऊन चुलीवर चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं आजोबांचं म्हणणं पाहुण्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्यात एक म्हातारे शेतकरी होते. ते पुन्हा कातळापाशी गेले, वाकून तास पाहत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग."

आता दर रविवारी आबाच फोनची वाट पाहतात. परवा त्यांनी विचारलं, "बरफ पडला का मंग जनावरं काय खातात तिकडं?" ते नीट समजावून सांगण्यात तिचा अर्धा तास गेला.