इंदुताई आणि पावडरचा डबा

इंदुताईंचं एक स्तन काढलं, त्याला सहा वर्षं झाली. महाल भागातल्या त्यांच्या खोलीत अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवले जातात. ऑपरेशननंतर गिऱ्हाईक बायकांनी सल्ला दिला, रिकाम्या बाजूला कापूस भरा, कुणाला कळत नाही. इंदुताई म्हणाल्या, "कापूस गादीत भरतात वं," आणि स्वतःच्या ब्लाउजला त्या बाजूनं सपाट कापड लावून मोकळ्या झाल्या. ज्याला बघवत नाही त्यानं मान वळवावी, असा त्यांचा खाक्या.

अशा बाईच्या घरी विहीण पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आली!

धाकटी लेक मिनल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली. दवाखान्यातून मायलेकी घरी आल्या, पोर अंगावर मजेत पीत होती. तेवढ्यात एका सकाळी लकडगंजहून मिनलच्या सासूबाई, सत्यवतीबाई आल्या. डबा ओट्यावर ठेवून त्यांनी फर्मान सोडलं, "आजपासून अंगावरचं बंद. आजीले झालं ते दुधातून उतरते."

हे खूळ आलं कुठून? तर इंदुताईंच्याच थोरल्या लेकीकडून. हिमानी एका प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांवर काम करते. डोहाळजेवणात कुणीतरी विचारलं, उंदरांचं करतेस तरी काय, आणि ती बोलत सुटली. उंदरांच्या काही जातींत आईच्या दुधातून एक विषाणू पिलांत जातो आणि पुढं त्यांना स्तनाचा कर्करोग होतो. पिलं जन्मताच दुसऱ्या मादीपाशी दिली तर बरीचशी वाचतात. सत्यवतीबाईंनी नेमकं तेवढंच ऐकलं होतं.

मिनल घाबरली. सकाळपासून तिनं पोरीला जवळ घेतलं नाही. छाती दगडासारखी झाली, पोर रडून लालबुंद झाली, आणि ही भिंतीकडं तोंड करून पडलेली. इंदुताईंचा हात नकळत आपल्या सपाट बाजूवर गेला. आपण लेकीला विष पाजलं की काय? त्या विचारानं त्यांना भडभडून आलं. मग राग आला, आणि रागात त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

त्यांनी हिमानीला फोन लावला. "तुह्या उंदरांनी घरात आग लावली. ये अन् विझव."

हिमानी हेल्मेट हातात घेऊनच आत आली आणि सत्यवतीबाईंसमोर उभी राहिली. "काकू, ते उंदरांचं आहे. माणसात आईच्या दुधातून कॅन्सर जाते, असं अजून कोणालेच सिद्ध करता आलं नाही. अन् उंदरातही एकटा विषाणू सारं करत नाही. आईबापाकडून काय आलं, अंगातले हार्मोन काय करून राहिले, तेही पाहा लागते."

"म्हणजे आईकडून येतेच न?"

"आलं असंल तर पोटात असतानाच आलं. डबा पाजून ते परत जात नाही. अन् बापाकडूनही येऊ शकते."

बापाचं, म्हणजे त्यांच्याच लेकाचं, नाव निघाल्यावर सत्यवतीबाईंचा चेहरा उतरला. हिमानी बहिणीजवळ बसली. "तुही तपासणी डॉक्टरले विचारून करू, मिनू. पण पाजल्यानं आईचा धोका उलट थोडा कमी होते."

"तरी जोखीम काहून घ्यायची?" सत्यवतीबाई हटेनात. "पोर आमच्या घरची आहे."

इंदुताई उठल्या. कमरेला पदर खोचला, त्यामुळं ती सपाट बाजू अगदी विहिणीच्या समोर आली.

"विहीणबाई, मिनल दोन वर्षं माह्याच अंगावर पेली. त्याच दुधावर वाढलेली पोरगी तुमी पसंत करून नेली. तवा हे दूध चाललं, अन् आता काहून नाही चालत?"

भिंतीकडं तोंड करून पडलेली मिनल उठून बसली. "दे वं आई तिले इकडे," ती म्हणाली.

पोर तिच्या कुशीत देऊन इंदुताई ओट्याकडं वळल्या. डबा फोडला, त्या पावडरचा दाट चहा केला, आणि पहिला कप विहिणीच्या हातात ठेवला.

"घ्या जी. तुमी आणलं ते वाया काहून जाऊ द्यायचं."

पोरीचं रडणं थांबलं होतं. ती घटाघटा पीत होती, ते ओट्यापर्यंत ऐकू येत होतं. सत्यवतीबाईंनी चहाचा घोट घेतला.